हजेरीपट मोजून झाला असेल, तर आता बागेत या

प्रति,
कोकण किनाऱ्यावर काम करणाऱ्या कृषी, मत्स्य आणि पर्यावरण संशोधन संस्थांचे संचालक,
तसेच या संस्थांच्या कामाला गुण देणाऱ्या मूल्यमापन समित्यांचे सर्व सदस्य

विषय: संशोधन लोकांपर्यंत नेल्याचा परिणाम मोजण्याच्या पद्धतीबाबत

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

मी रत्नागिरी तालुक्यात खतं-औषधांचं दुकान चालवतो. घरची थोडी हापूसची कलमं आहेत, भाऊबंदकीत वाटून उरली तेवढी. तुमचं संशोधन शेवटी बाटली होऊन ज्या काउंटरवरून शेतकऱ्याच्या पिशवीत जातं, त्याच्या मागे मी बसतो. तुमच्या घडीपत्रिका इथं येऊन पडतात. तुमचे मोबाइलवरचे संदेश लोक मलाच वाचून दाखवतात आणि "यातलं खरं किती?" हेही मलाच विचारतात. तेवढ्या अधिकारानं हे पत्र लिहितोय.

तक्रार एकच आहे. तुम्ही संशोधन लोकांत नेता, त्यावर पैसा आणि माणसं खर्च करता, आणि मोजायची वेळ आली की भलतंच मोजता.

गेल्या हंगामाआधी आमच्याकडे एका संस्थेनं आंबा बागायतदारांचा मेळावा घेतला. मंडप, बॅनर, पाहुण्यांचं रोप देऊन स्वागत, सगळं रीतसर. दारातच अभिप्रायाचा फॉर्म हातात दिला: कार्यक्रम कसा वाटला, उत्तम, चांगला, की बरा? फॉर्मच्या खालच्या कडेला जेवणाचं कूपन पिनेनं टोचलेलं. फॉर्म भरून दिला की कूपन फाडून मिळणार. पहिला वक्ता माइकपाशी पोचायच्या आत अख्खा मंडप 'उत्तम'वर खूण करून मोकळा झाला होता. पुढं फुलकिड्यांवर व्याख्यान झालं, आणि खरं सांगायचं तर चांगलं झालं. शेवटी मागच्या रांगेतून एकानं विचारलं, "साहेब, तुमच्या वेळापत्रकाप्रमाणे मारलं तरी चौथ्या फवारणीला फुलकिडा हलत नाही, तो का?" साहेब म्हणाले, "नंतर भेटा." नंतर जेवण होतं. तो प्रश्न कुठल्याही अहवालात गेला नसणार, कारण त्याला रकाना नव्हता. माझ्या मते त्या दिवशी मंडपात जमलेली सगळ्यात मोलाची माहिती तीच होती.

आता कल्टारचं घ्या. हापूस एक वर्ष भरभरून येतो आणि दुसऱ्या वर्षी रुसतो, ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची रड. त्यावरचं औषध हे कल्टार. त्यातलं पॅक्लोब्युट्राझोल झाडात जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक तयार होऊ देत नाही, पालवीचा जोर ओसरतो आणि मोहोर धरतो. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठानं त्याची शिफारस केली: जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, झाडाच्या विस्ताराच्या दर मीटर व्यासाला ३ मिली, पाण्यात मिसळून, बुंध्याभोवती खड्डे मारून त्यात ओतायचं. नुसतं 'किती जणांपर्यंत पोचलं' हे बघायचं तर याच्याइतकं यशस्वी संशोधन कोकणात क्वचितच सापडेल. कल्टार हे नाव न ऐकलेला बागायतदार मला अजून भेटायचाय. कंपनी कुठलीही असो, बाटलीवर नाव काहीही असो, काउंटरवर सगळं 'कल्टार'च.

पण विचारतात काय? "एका कलमाला किती टोपणं?"

व्यास कोणी मोजत नाही. टोपण दर कंपनीचं निराळं. आणि ज्यानं बाग तीन वर्षांच्या करारानं घेतलीय तो टोपणांचाही हिशोब ठेवत नाही. त्याला तीन वर्षांत निघेल तेवढं काढायचं असतं, चौथ्या वर्षी झाडाचं काय ते मालक बघेल. मात्रा जास्त झाली की पालवी आखडते, शेंडे गुच्छ होऊन बसतात, मोहोर आखूड आणि दाट येतो, झाड दमतं. मालक मुंबईला. गणपतीला गावी येतो तेव्हा रस्त्यावरून बाग हिरवीगारच दिसते, त्यामुळे तोही खूश.

तर मग या संशोधनाच्या सामाजिक परिणामाला किती गुण द्यायचे? 'वापर करणारे शेतकरी' या आकड्यात हे सगळे एकत्र येतात, मापानं देणारा आणि झाड पिळून काढणारा, दोघेही. परिणाम उलटाही होऊ शकतो, हे तुमच्या तक्त्यांनी गृहीतच धरलेलं नाही. तिथं परिणाम म्हणजे चांगलाच, आणि तो वाढतच जाणार.

याला लागूनच दुसरी गोष्ट. मागे आमच्या सजाला, म्हणजे आमच्या गावांच्या गटाला, एक कृषी सहायक बाई होत्या. त्यांनी सुतळीला मीटर-मीटरवर गाठी मारून घरोघर वाटल्या. एक टोक कलमाच्या विस्ताराच्या या कडेला धरायचं, बुंध्याला घासून पलीकडच्या कडेला न्यायचं, गाठी मोजायच्या. जितक्या गाठी तितके वेळा ३ मिली. सात गाठी, एकवीस मिली. मापाला खोकल्याच्या औषधाबरोबर मिळतं तसलं आकडे छापलेलं प्लास्टिकचं झाकण. खर्च काय झाला असेल तो त्यांच्या पर्समधून. बाईंची बदली होऊनही बराच काळ लोटला, पण अजून काही जण काउंटरवर येऊन सांगतात, "सात गाठींची चाळीस आहेत, चार सहा गाठींची, लिटरभरात भागेल ना?" भागतं. हिशोब त्यांनी घरूनच करून आणलेला असतो, मला फक्त विचारायची पद्धत.

बाईंच्या त्या वर्षीच्या अहवालात काय होतं ते त्यांनीच मला दाखवलं होतं. सभा किती, लाभार्थी किती, छायाचित्रं किती. सुतळीचा उल्लेख नाही. "लिहिणार कुठं?" म्हणाल्या.

हे दुखणं फक्त आपल्याकडचं नाही, आणि त्यावरचे अभ्यासही जुने आहेत. १९४३ मध्ये ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात संकरित मक्याचं बियाणं कसं पसरलं याचा अभ्यास प्रसिद्ध केला. २५९ शेतकऱ्यांना त्यांनी दोन प्रश्न वेगवेगळे विचारले: हे पहिल्यांदा कुणाकडून कळलं, आणि पेरायचं ठरवलं ते कुणामुळे. कळलं होतं सगळ्यात जास्त बियाणं विकणाऱ्यांकडून. पेरायला मात्र तयार केलं शेजाऱ्यानं. माझ्यासारख्या दुकानदाराला यात नवं काही नाही, शेजाऱ्याच्या कलमाला लागलेला आंबा माझ्या दहा सल्ल्यांना भारी पडतो. पण ऐंशी वर्षांपूर्वी वेगळे करून विचारलेले हे दोन प्रश्न आजच्या आपल्या फॉर्मात अजून एकत्रच कोंबलेले आहेत: 'माहिती उपयुक्त वाटली का? होय/नाही.'

संशोधन लोकांत नेल्यानं खुद्द शास्त्राचं काही भलं होतं का, हेही मोजलं गेलंय, आणि तो पुरावा मला फार आवडतो. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मधल्या ज्या शोधनिबंधांची बातमी 'न्यूयॉर्क टाइम्स'नं दिली, त्यांचे संदर्भ पहिल्या वर्षात इतर शास्त्रज्ञांनी तशाच दुसऱ्या निबंधांपेक्षा सुमारे ७३ टक्के जास्त घेतले, असं १९९१ मध्ये दाखवलं गेलं. यावर कोणीही म्हणेल, वर्तमानपत्रानं मुळात चांगलेच निबंध निवडले असतील, त्यात बातमीचं श्रेय काय? पण १९७८ मध्ये त्या वर्तमानपत्रात १२ आठवडे संप होता. अंक दप्तरासाठी तयार होत होता, लोकांच्या हाती जात नव्हता. त्या काळात बातमीसाठी निवडल्या गेलेल्या निबंधांना जादा संदर्भ मिळाले नाहीत. निवड तीच, फक्त वाचक नाहीत, आणि फायदाही नाही. संपातून इतकं शहाणपण काढणाऱ्या त्या संशोधकांना माझा नमस्कार. शास्त्रज्ञही सकाळी पेपर वाचतो, हे त्यांनी आकड्यांत सिद्ध केलं.

अशी तुलना आपल्याकडे कोण करतं? तुलना नसली की श्रेय कुणाचं हे ठरतच नाही. १ मे २०१४ पासून युरोपीय संघानं फळमाशी सापडल्याच्या कारणानं भारतीय आंब्यावर बंदी घातली. ती २०१५ च्या सुरुवातीला उठवायचं ठरलं. त्या सुमारास माझ्याकडे फळमाशीच्या 'रक्षक' सापळ्यांची विचारणा एकदम वाढली. विद्यापीठाचा हा सापळा चांगला आहे, यात वाद नाही. मिथाइल युजेनॉलच्या वासानं नर येतात आणि अडकतात. पण गिऱ्हाईक माझ्याकडे आलं ते घडीपत्रिका वाचून, की वाशीच्या दलालानं फोनवर झापल्यामुळे? मला विचाराल तर दलालामुळे. तरी त्या वर्षीचा खप कुणी आपल्या प्रसारकार्याच्या खात्यात मांडला असेल, तर मला नवल वाटणार नाही.

एकट्या शास्त्रज्ञाला दोष देण्यात अर्थ नाही, हे मला कळतं. त्यांच्या बढतीचे गुण शोधनिबंधांवर. निबंधांचं वजन नियतकालिकाच्या श्रेणीवर. शेतीशास्त्रात राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमी नियतकालिकांना गुण देते, आणि मराठीतून शेतकऱ्यासाठी लिहिलेला लेख त्या हिशोबात कुठंच नसतो. मुळात 'इम्पॅक्ट फॅक्टर'ची, म्हणजे नियतकालिकातल्या निबंधांना सरासरी किती संदर्भ मिळतात त्या आकड्याची, कल्पना यूजीन गारफील्ड या अमेरिकी माहितीतज्ज्ञानं १९५५ मध्ये मांडली. पुढं तो आकडा तयार झाला तो कुठली नियतकालिकं सूचीत घ्यायची हे ठरवण्यासाठी. त्यावरून माणसं तोलायला लागणं हा नंतरचा उद्योग. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या संपादक-संशोधकांनी या तोलण्याविरुद्ध जाहीरनामा काढला. संशोधन कसं मोजावं यावरच्या २०१५ च्या लायडेन जाहीरनाम्यानं स्थानिक प्रश्नांवरच्या संशोधनाची कदर जपा, असं वेगळं तत्त्वच घातलं. ब्रिटननं २०१४ च्या संशोधन मूल्यमापनात विद्यापीठांच्या २० टक्के गुणांना समाजावरच्या परिणामाशी बांधलं, पुढच्या फेरीत ते २५ टक्के केले. तिथं परिणामाच्या गोष्टी लिहून द्याव्या लागतात, पुराव्यासह. २०१४ ला अशा ६,९७५ गोष्टी आल्या. पण त्यातही विद्यापीठं फक्त जिंकलेल्या गोष्टी पाठवणार, फसलेली कोण पाठवील?

आपल्या शिक्षणसंस्थांच्या राष्ट्रीय क्रमवारीत, म्हणजे एनआयआरएफमध्ये, 'आउटरीच' (लोकांपर्यंत पोचणं) नावाचा भाग आहे म्हणून मी आशेनं उघडून बघितला. त्यात मोजतात काय, तर परराज्यातले विद्यार्थी किती, मुली किती, दुर्बल घटकांतले किती, अपंगांसाठी सोयी आहेत का. सगळं महत्त्वाचं. फक्त संस्थेनं कुंपणाबाहेरच्या माणसाला काय सांगितलं, हे त्यात नाही. केंद्र सरकारच्या २०२२ च्या वैज्ञानिक सामाजिक जबाबदारीच्या मार्गदर्शक सूचनांत ज्ञानक्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकानं वर्षाला किमान १० दिवस समाजासाठी द्यावेत असं आहे. हेतू छान, पण पुन्हा मोजमाप दिवसांचंच. त्या दहा दिवसांत एका बाईंनी सुतळी वाटली आणि दुसऱ्यानं बॅनरसमोर फोटो काढला, तर दोघांची नोंद एकच.

हे शक्यच नाही, असं कृपा करून म्हणू नका. बंदरावरचं उदाहरण देतो, कारण तिथं मोजणीची निम्मी तयारी झालेलीच आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारनं ५४ जातींच्या माशांसाठी किमान कायदेशीर आकार ठरवला. पापलेटाला १३५ मिलिमीटर, बोंबलाला १८०, सुरमईला ३७०. त्यामागं केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचा अभ्यास आहे: मासा एकदा तरी अंडी घालण्याजोगा होईपर्यंत त्याला पकडू नये. त्याच महिन्यात पापलेट राज्यमासाही झाला. आता या शास्त्राचा प्रसार झाला की नाही, हे पोस्टर किती होड्यांवर चिकटवली त्यावरून ठरवायचं का? मिरकरवाड्याला किंवा हर्णैच्या संध्याकाळच्या लिलावाला उभं राहा. टोपलीत बारकं पापलेट किती आलं, ते उघड्या डोळ्यांना दिसतं. मत्स्यशास्त्रज्ञ बंदरांवर येऊन माशांची लांबी मोजतातच, पट्टी त्यांच्या हातात असतेच. नियमाआधीच्या हंगामातली लांबी आणि नंतरची लांबी शेजारी शेजारी ठेवली, की संवादाचा परिणाम मिलिमीटरमध्ये कळेल. सोबत चार तांडेलांना, म्हणजे होडीच्या म्होरक्यांना, विचारा, बारीक मासळी परत सोडायला नेमकी अडचण काय. जाळ्याचा आस (भोकाचा आकार), डिझेलचा खर्च, की 'मी सोडलं तर मागची होडी घेईल' हा हिशोब? मला वाटतं तिसरं. पण माझ्या वाटण्याला काय किंमत, तुम्ही विचारून बघा. जे लोक ऐकूनही बदलले नाहीत, त्यांचं कारण लिहून घेणं हे मोजमापातलं सगळ्यात दुर्लक्षित काम आहे.

उलट्या दिशेची वाहतूक तर कोणीच मोजत नाही. २७ जानेवारी २०२५ ला गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवीण अंडी घालायला आली. तिच्या पराला धातूची पट्टी होती, क्रमांक ०३२३३. ती पट्टी २०२१ मध्ये ओडिशात, देशाच्या दुसऱ्या टोकाच्या किनाऱ्यावर, तिला लावलेली. पूर्वेची कासवं वेगळी, पश्चिमेची वेगळी, अशी जी समजूत होती तिला त्या एका पट्टीनं धक्का दिला. हे कळलं कसं? रात्री किनाऱ्यावर फिरणाऱ्या माणसांना पट्टी म्हणजे काय आणि ती दिसली तर कुणाला कळवायचं, हे ठाऊक होतं म्हणून. २००२ पासून वेळास गावात सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं सुरू केलेल्या आणि पुढं गावोगाव पसरलेल्या कासवं जपण्याच्या कामानं किनारपट्टीवर ही नजर तयार केली. एकेकाळी जिथं अंडी उकरून नेली जायची, तिथली माणसं आज शास्त्राला नोंद पुरवतात. याला सामाजिक परिणाम म्हणायचं की वैज्ञानिक? मला तर दोघांत भिंत दिसत नाही. तुमच्या फॉर्मात मात्र ते दोन वेगळे विभाग आहेत आणि त्यांना गुण देणारे साहेबही वेगळे.

न पोचलेल्या संशोधनाचाही परिणाम होतो, तोही धरा. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं पश्चिम घाटाचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये दिला, आणि तो लोकांसमोर आला मे २०१२ मध्ये, माहिती अधिकाराची आणि कोर्टाची पायरी चढल्यावर. तोही इंग्रजीत. ज्यांच्या घाटमाथ्याबद्दल, नदीबद्दल, खाणींबद्दल तो होता, त्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीत चर्चा झाली ती अहवालापेक्षा अहवालाविषयी कुणी काय सांगितलं यावर. घर बांधायला बंदी येणार, गुरं चरायला बंदी येणार, गोवऱ्या थापायलासुद्धा परवाना लागणार, असं मी माझ्या दुकानात ऐकलंय. ज्या समितीनं निर्णय ग्रामसभेला विचारून घ्या म्हटलं, तिच्याविषयी. शोधनिबंधांचे संदर्भ मोजणाऱ्याला हा अहवाल जबरदस्त यशस्वी दिसेल. आमच्या पारावर बसणाऱ्याला तो दिसलाच नाही.

मागणी फार मोठी नाही. मेळावा घ्या, पण दोन हंगामांनी त्याच गावात परत या, आणि ज्या गावात मेळावा झाला नाही तिथंही जा. येणारा माणूस मेळावा घेणाऱ्या विभागातला नसावा. आपल्याच पोराच्या पेपरला गुण देऊ नयेत, एवढं साधं आहे. फॉर्मात 'माहिती मिळाली का' याच्याऐवजी 'मग केलंत काय, कसं केलंत, आणि नसेल केलं तर का' एवढंच विचारा. प्रश्न मराठीत विचारा आणि उत्तर आलं तसं लिहून घ्या, 'लाभार्थी समाधानी' असं त्याचं भाषांतर करू नका. सभेत आलेले प्रश्न नोंदवा. त्यातला कुठला प्रश्न पुढं एखाद्या प्रयोगाचा विषय झाला, तर शास्त्रज्ञाला त्याचे गुण द्या. फसलेल्या प्रसाराचा अहवाल छापणाऱ्या केंद्राचे गुण कापू नका, नाहीतर कोणी छापणार नाही. आणि हे सगळं दरवर्षी सगळीकडे करायला माणसं नाहीत, हेही मला दिसतं. मग दर जिल्ह्यात एकच शिफारस निवडा, पण तिचा पाठपुरावा नीट करा. रत्नागिरीत कल्टारपासून सुरुवात करा असं मी सुचवीन. खपाची माझी बिलं बघायला देतो. गिऱ्हाइकांची नावं झाकून.

समिती यायची असेल तर जुलैच्या अखेरीस या. तेव्हा कल्टार न्यायला लोक दुकानात असतात आणि बोलायला त्यांना सवड असते. मोहोरात येऊ नका, फवारणीच्या गडबडीत कुणी तुमच्याकडे बघणारही नाही. आणि येताना अभिप्रायाचे फॉर्म आणलेत तर कूपन वेगळं ठेवा.

कळावे,

आपला,
एक कृषी सेवा केंद्र चालक
ता. जि. रत्नागिरी